भंवरीबाई आणि आभाळातली विरळ हवा

नारायणगावच्या पेठेत आमचं किराणा दुकान आहे. १९९४ साली मंचरहून लग्न होऊन मी इथे आले. नव्या सुनेला सासूबाई काय काय विचारतील, याची माझ्या आईनं माहेरी भरपूर तयारी करून घेतली होती. बेसनाचे गट्टे किती वेळ उकळायचे, पापडखार किती घालायचा, सामायिकाच्या ध्यानाला कोणत्या वेळी बसायचं. यातलं काहीच सासूबाईंनी विचारलं नाही. चार दिवस गेल्यावर त्या दुकानाच्या मागच्या खोलीत मला एकटीला गाठून म्हणाल्या,

"जागृती, तू कॉलेजात गेलेली आहेस. मला सांग, डब्यातला कापूर उडतो, तो उडून जातो कुठं?"

"हवेत जातो ना मम्मी," मी म्हटलं.

"हवेत म्हणजे कुठं? तिथं आधीच हवा भरलेली आहे. मग ह्याला जागा कोण देतं?"

मी बी.कॉम. झालेले. मला उत्तर येत नव्हतं आणि ते मी सांगून टाकलं. त्यावर सासूबाईंचा चेहरा असा खुलला की जणू मी सोन्याची बांगडी काढून दिली. "मलाबी नाय येत," त्या म्हणाल्या. "चला, आता दोघी झालो."

झालं होतं असं, की सकाळी एका गिऱ्हाइकानं कापराची पुडी परत आणली होती. पुडी बंद, सील शाबूत आणि आत वड्या निम्म्या झिजलेल्या. माझे सासरे केवलचंद शेठ, ज्यांना आम्ही घरात बाबूजी म्हणतो, त्यांनी मुकाट्यानं दुसरी पुडी दिली आणि कापराच्या डब्यात मूठभर काळी मिरी टाकून झाकण घट्ट लावलं. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. सासूबाईंच्या दृष्टीनं तो तिथेच सुरू झाला.

त्यांचं नाव भंवरीबाई. जन्म राजस्थानात, पालीजवळच्या एका खेड्यात. शाळा चौथीपर्यंत. पण लहानपणी रोज संध्याकाळी त्या जैन पाठशाळेत जात आणि तिथल्या गुरुजींनी सांगितलेलं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. हवेतही जीव असतात, म्हणून उगाच पंखा हलवू नये. आणि हे सगळं जग थरांमध्ये वसलेलं आहे. दाट पाणी, त्यापलीकडे दाट वारा, त्याहून पलीकडे पातळ वारा, त्याला तनुवात म्हणायचं. त्याच्याही पलीकडे काहीच नाही. लहानगी भंवरी रात्री अंगणात खाटेवर पडून विचार करायची, तो पातळ वारा किती पातळ असेल? ओढणीइतका? फुंकरीइतका? गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, पाठ कर. तिनं पाठ केलं, पण प्रश्न काही सोडला नाही. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती नारायणगावला आली, मराठी शिकली, तराजू धरायला शिकली, दोन मुलगे वाढवले, आणि तो प्रश्न तिच्याबरोबर तसाच राहिला.

मी लग्न होऊन आले त्याच वर्षांमध्ये नारायणगावच्या पूर्वेला, खोडदच्या माळावर एक मोठी रेडिओ दुर्बीण उभी राहत होती. आमच्याकडचे लोक तिला 'छत्र्या' म्हणत. तारांच्या जाळीच्या भल्यामोठ्या वाट्या, आभाळाकडे तोंड करून बसलेल्या. शेतात कांदा, बाजरी, द्राक्षाचे मांडव आणि मध्येच ही एक अवाढव्य वाटी. कोणी म्हणे, लष्कराचं काहीतरी आहे. कोणी म्हणे, यांच्यामुळे पाऊस पळतो. दुकानात या गप्पा रोज चालत आणि सासूबाई डाळ निवडता निवडता सगळ्या ऐकत.

तिथे कामाला लागलेला एक तरुण आमच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहायचा. सयाजी, जवळच्या डिंगोरे गावचा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तो त्या छत्र्यांच्या यंत्रांची देखभाल करायचा. आठवड्याचा किराणा आमच्याकडून न्यायचा. एकदा सासूबाई त्याला तूरडाळ जोखत होत्या, तेव्हा त्यांनी विचारलं,

"सयाजी, एवढाल्या वाट्या फिरवून तुमी तिथं ऐकता तरी काय?"

"लई कायकाय ऐकतो काकी. तारे, आकाशगंगा. आन् दोन ताऱ्यांच्या मधला वायूबी."

सासूबाईंचा हात थांबला. तराजूचं पारडं तसंच लोंबकळत राहिलं.

"मधला? मधी तर काय नसतं म्हणतात. वरती हवा नाय म्हणून तर माणसं ते गोल टोपडं घालून जातात."

"श्वास घ्यायला पुरंल एवढी न्हाई. पण अगदी मोकळं बी न्हाई. हायड्रोजन असतो. लई म्हणजे लई विरळ. पण असतो."

"असतो," सासूबाई म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच, "असतो."

डाळ अर्धी जोखलेली तशीच ठेवून त्यांनी सयाजीसाठी स्टूल पुढे ओढलं. बाबूजींनी गल्ल्यावरून मान वर करून पाहिलं.

त्या दिवसापासून सयाजीला आमच्याकडे किराणा घ्यायला एवढा वेळ लागू लागला की त्याचे मित्र त्याला चिडवायला लागले. तोही उत्साही गडी होता. कोणीतरी आपल्या कामाबद्दल इतक्या आवडीनं विचारतंय, याचं त्याला अप्रूप वाटत होतं. त्यानं आधी कापराचा निकाल लावला. म्हणाला, हवा म्हणजे भरलेलं पोतं नव्हे. हवा म्हणजे सुटे सुटे कण, आणि दोन कणांच्या मध्ये नुसती मोकळी जागा. ते कण एका जागी बसत नाहीत. बंदुकीच्या गोळीसारखे सुसाट सरळ जातात, एकमेकांवर आपटतात, वळतात, पुन्हा सुटतात. कापराच्या वडीवरचे कण सुटून त्या गर्दीत घुसतात आणि धक्के खात खात घरभर होतात.

"म्हणजे वास येतो तेव्हा कापराचा कण खरोखर आपल्या नाकात आलेला असतो?"

"खरोखर."

सासूबाईंनी कापराचा डबा उघडून नाकाशी धरला आणि डोळे मिटले. मी त्यांच्याशेजारी उभी होते. त्यांचा श्वास जोरात चालला होता. पुढे कित्येक दिवस त्या घरातल्या प्रत्येक वासाच्या मागे लागल्या. फोडणी दिली की मला माडीवर पाठवायच्या आणि वास पोचला की हाक मारायला सांगायच्या. दार लावून, दार उघडून, थंडीत, उन्हाळ्यात. तापल्या दुपारी वास लवकर पोचतो असं त्यांना वाटलं. सयाजीला सांगितलं तर तो म्हणाला, बरोबर आहे, उष्णता वाढली की कणांचा वेगही वाढतो. त्या दिवशी त्यांनी सयाजीला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

पण खरा घोर त्यांना वरच्या वायूचा लागला होता. तो किती विरळ? सयाजीनं एकदा खिशातलं पेन काढून आधी तुलनेसाठी आपल्या इथल्या हवेतल्या कणांचा आकडा बिस्किटाच्या खोक्यावर लिहायला घेतला. सत्तावीस लिहिले आणि पुढे शून्यं सुरू केली. शून्यं संपेनात.

"शून्यं नको सांगू," सासूबाई म्हणाल्या. "माल सांग."

सयाजी विचारात पडला. समोर मोहरीचं पोतं उघडं होतं. त्यानं एक दाणा उचलला. "समजा, हा एक कण."

मग दोघं बसले. बाबूजींनी तालुक्याचा विस्तार सांगितला, कारण व्यापाऱ्याला तो ठाऊक असतोच. सयाजीनं कॅल्क्युलेटर घेतला, दोनदा चुकला, पुन्हा केलं. शेवटी त्यानं डोकं खाजवत सांगितलं, "काकी, चिंचोक्याएवढी जागा घ्या. आपल्या इथली, दुकानातली. तिच्यात हवेचे जेवढे कण, तेवढ्या मोहऱ्या मांडायच्या म्हटलं तर अख्खा जुन्नर तालुका भरंल. नुसता भरणार न्हाई, पंधरा-वीस मजली बिल्डिंग बुडंल एवढा थर बसंल."

"आणि वरती? ताऱ्यांच्या मधी?"

"तेवढ्याच चिंचोक्याएवढ्या जागेत," सयाजीनं बोटाच्या टोकावरचा दाणा पुढे केला, "सरासरी ही एक."

मग बाबूजी गल्ल्यावरून म्हणाले, "एवढी मोहरी घेणार कोण?" आणि आम्ही सगळे हसत सुटलो. सासूबाई मात्र तो दाणा तळहातावर घेऊन बघत राहिल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं हे मला लगेच कळलं.

"मग एवढ्या एका दाण्याचं तुमाला ऐकू कसं येतं?" त्यांनी विचारलं.

सयाजी आता स्टुलावर मावत नव्हता. त्यानं सांगितलं की हायड्रोजनचा कण अधूनमधून आपली आतली ठेवण बदलतो आणि तेव्हा एक लाट सोडतो. त्या लाटेची लांबी जवळजवळ एक वीत. सासूबाईंनी लगेच अंगठा आणि करंगळी ताणून काउंटरवर ठेवली. "एवढी?" "तेवढीच काकी. पण एकेका कणाची पाळी कोटभर वर्षांतून एखाद्या वेळी येते." "मग?" "मग काय, आभाळ केवढं पडलंय बघा की. एक गप्प असला तरी दुसरा बोलतो, दुसरा गप्प तर तिसरा. आमची छत्री धरली की कुणी ना कुणी बोलतच असतो."

त्या संध्याकाळी सासूबाई देवळातून येताना माझा हात धरून चालल्या. त्यांची चाल एरवी सावकाश; त्या दिवशी मला त्यांच्याबरोबर पळावं लागलं.

खोडदला आत जाऊन बघायची संधी मात्र बऱ्याच वर्षांनी आली. फेब्रुवारी अखेरीस विज्ञान दिनाला तिथे लोकांना आत सोडतात, प्रदर्शन असतं, गावोगावच्या शाळा येतात. २००३ साली सयाजी म्हणाला, या वर्षी यायचंच. सासूबाई, मी आणि शेजारच्या झुंबरबाई अशा तिघी जीपनं गेलो. छत्रीच्या खाली उभं राहिल्यावर मान मागे टाकता टाकता झुंबरबाईंचा पदर पडला. सासूबाईंनी मात्र आधी जाळीला हात लावू देतील का ते विचारलं. नाही म्हणाले.

एका मंडपात काचेची हंडी होती. तिच्यात तोंड बांधलेला अर्धवट फुगा ठेवला होता, सुरकुतलेला. एका शास्त्रज्ञ बाईंनी पंप चालू करून हंडीतली हवा ओढायला सुरुवात केली. तो सुरकुतलेला फुगा आपोआप फुगायला लागला. फुगत फुगत टम्म झाला. कुणी त्याच्यात फुंकर घातली नव्हती.

"बाहेरचे धक्के कमी झाले," सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या. "म्हणून आतल्यांचं फावलं." त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नंतर वळ दिसत होता.

त्या शास्त्रज्ञ बाई बंगालकडच्या होत्या, हिंदीतून बोलत. सासूबाईंनी त्यांना धीर करून आपला लहानपणापासूनचा प्रश्न विचारला. आमच्या शास्त्रात जगाच्या टोकाला तनुवात सांगितलाय, पातळ वारा. तो आणि हा ताऱ्यांमधला वायू एकच का? आजूबाजूचे दोघेतिघे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी त्या शास्त्राचा अभ्यास केलेला नाही. आम्ही जो वायू बघतो तो जगाच्या टोकाला नाही, इथून पुढे सगळीकडे आहे. कुठे ढगासारखा दाट, कुठे फारच विरळ. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणू शकणार नाही."

परत येताना झुंबरबाई म्हणाल्या, "भाभी, वाईट वाटलं का? त्या बाईनं न्हाई म्हनलं."

"वाईट कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "नाव जुळलं म्हणजे माल एक झाला असं नाय. केशरी रंगाची पुडी मी केशर म्हणून विकत नाय. माझा पाठ माझ्याकडं आहे, आणि हा नवा माल मला आज मिळाला. दोन झाले की."

आणि जीप नारायणगावात शिरायच्या आत त्यांनी जाहीर केलं, की पुढच्या वर्षी त्या प्रदर्शनात स्वतः मोहरी घेऊन काहीतरी मांडणार.

बाबूजींना हे मुळीच आवडलं नाही. ते कडक नव्हते, पण भिडस्त होते. "तिथं शाळेची पोरं असतात, मास्तर असतात," ते म्हणाले. "पंचावन्नच्या वर वय झालं तुझं. लोक म्हणतील, शेठाणीनं माळावर मोहरीचं दुकान टाकलं."

"म्हणू दे. मोहरी चांगली असली म्हणजे झालं."

"आणि कुणी वाकडा प्रश्न विचारला तर?"

"तर म्हणीन, मला नाय ठाऊक. चला, दोघं जाऊन विचारू."

वर्षभर बाबूजींनी या विषयावर चकार शब्द काढला नाही. सयाजीनं जुन्या रेडिओचा स्पीकर आणून त्याचं तोंड वर करून लाकडी पेटीत बसवला. त्यावर काचेची बरणी ठेवली, बरणीत मोहरी. स्पीकरमधून घूं असा आवाज सोडला की मोहरी थरथरायची. आवाज वाढवला की उड्या मारायची. आणखी वाढवला की बरणीभर नुसता गोंधळ. वर पुठ्ठ्याचं हलकं झाकण ठेवलं की ते दाण्यांच्या मारानं वर उचललं जायचं. सासूबाई हे बघताना अशा टाळ्या पिटायच्या की गिऱ्हाइकं आत डोकावायची. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाबूजींनी वखारीतून एक पुडकं आणून पेटीशेजारी ठेवलं. आत चाळलेली, वेचलेली, एकसारख्या दाण्याची मोहरी होती. "दाणे लहान-मोठे असले तर चांगलं दिसणार नाय," एवढंच ते बोलले. आणि सकाळी दुकान बंद ठेवून ते जीपमध्ये पुढच्या सीटवर येऊन बसले.

२००४ चा तो दिवस. सकाळी दहापासून आमच्या टेबलाभोवती गर्दी. सासूबाई बटण फिरवत होत्या आणि बोलत होत्या. "हा बघा बर्फ, सगळे जागेवर बसून थरथरतायत. आता हे पाणी, एकमेकांवरून घसरतायत. आता वाफ. बघा, झाकण कुणी उचललं? कुणीच नाय. एकेक दाणा येऊन आपटतो आणि सगळे मिळून उचलतात." निमगाव सावाच्या शाळेचा अख्खा वर्ग दोनदा येऊन गेला.

एक गृहस्थ मागून म्हणाले, "आजी, मग पृथ्वीवर तर झाकण न्हाई. आपली हवा उडून का जात न्हाई?"

मी बाबूजींकडे पाहिलं; त्यांचा चेहरा उतरला होता. सासूबाई मात्र टेबल सोडून बाहेर आल्या, त्या गृहस्थांचा हात धरला आणि म्हणाल्या, "मला नाय ठाऊक. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. चला." आणि सगळी गर्दी त्यांच्यामागे त्या बंगाली बाईंच्या मंडपात गेली. बाईंनी सांगितलं की पृथ्वी हवेलाही खाली ओढून धरते, दगडाला धरते तशी. पण हायड्रोजनसारखे अगदी हलके कण वर जाऊन खरोखरच निसटतात. ते गृहस्थ आणि सासूबाई एकमेकांकडे बघून असे खूश झाले की जणू लहानपणचे सोबती. परत टेबलाशी येईपर्यंत सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "निसटतात बरं का, हलके निसटतात."

दुपारी बारा-साडेबाराला मंडपाची लाईट गेली. स्पीकर गप्प. मोहरी बरणीच्या तळाशी बसली. नेमकी तेव्हाच आहुप्याकडच्या बायांची एक मोठी टोळी टेबलासमोर उभी होती. आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेच्या टोकावरून, आपल्या शाळेतल्या पोरांबरोबर त्या आल्या होत्या. पहाटेपासूनचा प्रवास, आणि बघायला मिळाली निपचित मोहरी. त्यांच्यातली धोंडाबाई नावाची म्हातारी म्हणाली, "मंग आमी काय बघायचं?"

सासूबाईंनी इकडंतिकडं बघितलं. मंडपामागे मोकळं मैदान होतं. "बघायचं नाय," त्या म्हणाल्या. "तुमीच कण व्हायचं."

त्यांनी मंडपवाल्याकडून लांब दोर मागून घेतला. मला, झुंबरबाईंना आणि चार शिक्षकांना तो धरून गोल उभं केलं आणि बायांना आत सोडलं. "सरळ चालायचं. कुणाचा धक्का लागला की वळायचं आणि दुसरीकडं सरळ चालायचं. दोराला लागलात तरी वळायचं. उभं राहायचं नाय. जी उभी राहील तिचा बर्फ झाला."

आधी लाजल्या सगळ्या. मग एक चालली, दुसरी चालली, एकमेकींच्या खांद्यांवर आदळल्या आणि हसू फुटलं. "आता चूल पेटवली," सासूबाई ओरडल्या, "भरभर चाला." बाया भरभर चालू लागल्या. माझ्या हातातला दोर मागे खेचला जाऊ लागला. मी टाचा रोवून उभी होते तरी मागे सरकत होते.

"दोर कोण ढकलतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणीबी न्हाई," आतून एक जण धापा टाकत म्हणाली. "आमी नुस्त्या येऊन आदळतोय."

"त्यालाच दाब म्हणतात."

मैदानाच्या कडेला आता माणसंच माणसं जमली होती. सासूबाईंनी हात वर केला. "दोर सोडा."

आम्ही दोर सोडला आणि बाया सुटल्या. कोणी छत्रीकडं, कोणी बाभळीकडं, कोणी थेट कुंपणाकडं. "हा कापूर उडाला," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी एकेकीला हाक मारून कडेला बसवलं. फक्त धोंडाबाई राहिली. एवढ्या मोठ्या मैदानात ती एकटी चालत होती, काठी न घेता, सरळ. मैदानाच्या मध्यावर जाऊन तिनं मागे वळून हाक दिली, "अगं मला कुणी भेटंना."

"नाय भेटणार," सासूबाई म्हणाल्या. आवाज चांगला लांबपर्यंत जाईल असा लावला होता त्यांनी. "तू आता ताऱ्यांच्या मधी आहेस धोंडाबाई. तिथं शेकडो वर्षं चालशील तेव्हा एखादी भेटंल."

"मंग मी बोलू कुणासंगं?"

"तू वीतभर लाट सोड. ही छत्री ऐकतेय."

सगळ्यांच्या माना वर गेल्या. वर जाळीची ती वाटी आभाळाकडे तोंड करून उभी होती. धोंडाबाईनं हात वर केला, अंगठा आणि करंगळी ताणली, आणि छत्रीला ती वीत दाखवली. मैदानभर टाळ्या सुरू झाल्या. सयाजी शिट्ट्या मारत होता. बंगाली बाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या मला कळलं नाही, त्या मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी लाईट असली तरी हे करा." आणि आमचे भिडस्त बाबूजी अनोळखी माणसांना सांगत होते, "घरच्या आहेत आमच्या. भंवरीबाई."

त्यानंतर सासूबाईंना बोलावणी येऊ लागली. निमगाव सावाची शाळा, डिंगोऱ्याची शाळा, जुन्नरचं महिला मंडळ. दोर बरोबर न्यायच्या, बाकी काही नाही. प्रत्येक ठिकाणाहून त्या एखादा नवा प्रश्न घेऊन यायच्या, जो त्यांना सोडवता आला नव्हता, आणि सयाजीची वाट बघत बसायच्या. तो लग्न होऊन पुण्याला राहायला गेला तेव्हा फोनवर विचारायच्या. आमच्या दुकानातल्या फोनवरून ताऱ्यांचं जेवढं बोलणं झालं तेवढं उधारीचं झालं नसेल.

आहुप्याचं बोलावणं २००६ च्या हिवाळ्यात आलं. धोंडाबाईनं शाळेतल्या गुरुजींकडून निरोप धाडला होता, या म्हणून. सासूबाईंचे गुडघे तोवर बरेच कुरकुरायला लागले होते, पण त्यांनी ऐकलं नाही. बाबूजींनाही बरोबर घेऊन डिंभे धरणाच्या कडेकडेनं जीप निघाली, रस्ता वर चढत गेला, आणि आम्ही दुपारी पोचलो. शाळेच्या अंगणात दोराचा खेळ झाला. पोरं एवढी जोरात आदळत होती की गुरुजींना दोन वेळा दोर बदलून धरावा लागला.

मग धोंडाबाई म्हणाली, "आता आमची हवा बघायला चला." आणि ती आम्हाला गावाबाहेर, कड्यावर घेऊन गेली.

आहुप्याचा कडा म्हणजे जमीन एकदम संपते. पुढे खाली, खूप खाली कोकण. कोकणातून आलेला वारा त्या कड्यावर आपटतो आणि सरळ वर उसळतो. धोंडाबाईनं वाळका पाचोळा ओंजळीत घेऊन कड्याबाहेर फेकला. पाचोळा खाली गेलाच नाही. आमच्या डोळ्यांसमोर वर आला, डोक्यावरून गेला आणि मागच्या गवतात पडला.

सासूबाईंनी पदर दातांत धरला आणि स्वतः ओंजळ भरून फेकली. पुन्हा फेकली. पानं वर जात होती, भोवंडत होती.

"एकेक कण डोळ्यांना दिसत नाय," त्या वाऱ्यातून ओरडून मला सांगत होत्या. "एवढासा. आणि सगळे मिळून बघ काय करतायत."

"मागं या," बाबूजी दूरवर एका दगडाला धरून उभे राहून म्हणाले. "अगं पडशील."

"तुमीच या इकडं. तिथून कळायचं नाय."

बाबूजींनी टोपी काढून खिशात कोंबली, वाकून गवतातून मूठभर पानं गोळा केली, आणि धोंडाबाईचा हात धरून एक एक पाऊल टाकत कड्याकडे निघाले.